सुरतला गेलेल्या काकाचं खासगी पत्र

कप आधी खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला आणि त्याच्या बायकोची बोलणी मी खाल्ली. तसे मी आयुष्यात घोळ पुष्कळ घातलेत. पण भाऊ, भावजय, बायको, पुतणी आणि रनाळ्याहून आलेले सात पाहुणे अशा सगळ्यांना एकदम पुरेल असा घोळ एकच. आणि तोही खुर्चीवरून न उठता!

मी प्रकाशाचा, म्हणजे तापीकाठच्या प्रकाशा गावचा. आणि मी आंधळा आहे. दिव्यांग, दृष्टिबाधित, प्रज्ञाचक्षू वगैरे शब्द आम्ही सत्काराच्या दिवसासाठी राखून ठेवलेत, गल्लीत आंधळाच. शहाद्याला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो, बसने जातो-येतो, आणि लॅपटॉप वापरतो. यावर डोळस माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "दिसत नाही, तर कॉम्प्युटर कसा चालवता?" अहो, कानाने! लॅपटॉपमध्ये एक बोलणारी सोय असते. स्क्रीनवर जे असेल ते ती वाचून दाखवते. मी एक शब्द लिहिला की तो शब्द म्हणते, वाक्य पुरं झालं, पूर्णविराम दिला, की अख्खं वाक्य पुन्हा एकदा म्हणते. स्क्रीनचा उजेड मी शून्यावर ठेवतो. बॅटरी वाचते. बघणारं आहे कोण?

तर असा माझा सुखाचा संसार चालू होता, आणि त्यात दिलीपचा फोन आला.

दिलीप म्हणजे आमच्या अंधशाळेतला माझ्या बाकावरचा मित्र. तो पुण्यात असतो, त्यामुळे जगातलं सगळं त्याला आपल्या आधी कळतं, निदान त्याचं तरी तसं म्हणणं आहे. "काय रे, अजून विंडोजच?" असं त्याने विचारलं. ज्या सुरात विचारलं ना, त्या सुरात लोक 'अजून चुलीवरच?' असं विचारतात. "मी लिनक्सवर गेलो. एकाच मशीनवर दोन्ही ठेवायचे. पण राहू दे, तुला झेपायचं नाही."

झेपायचं नाही! एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आता मला सांगा, माणसाने काय करावं?

दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. दुपारी मी लॅपटॉप घेऊन बसलो आणि विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवलं. आता यात गंमत अशी की एकदा दोन प्रणाली झाल्या की मशीन चालू करताना आधी एक यादी येते: बाबा रे, कोणती पाहिजे? आणि ही यादी बोलत नाही. बोलणारी सोय तिच्यानंतर जागी होते. म्हणजे दुकानदार बोलका, पण दाराशी बसवलेला रखवालदार मुका. तेव्हा त्या यादीपुरता एक डोळस माणूस लागतो. मी बायकोला हाक मारली, उजेड वाढवला आणि तिला समोर बसवलं.

"काय दिसस?" मी विचारलं.

"कायं शे," सुरेखा म्हणाली. आमच्या बोलीत कायं म्हणजे काळं.

"कायं मले बी दिसस. तेन्हासाठे तुले कसाले बलावतू?"

"कायावर धवया अक्षरं शेतस. इंग्रजी शे."

"वाच मंग."

"मन्ही कणीक भिजेल पडेल शे, आन तुमी मले इंग्रजी वाचाले बसाडी ऱ्हायनात?" असं म्हणत तिने एकेक अक्षर करत ती यादी वाचली. वाचता वाचता यादी निघून गेली, कारण ती दहाच सेकंद थांबते. पुन्हा मशीन बंद, पुन्हा चालू. पुन्हा चार अक्षरं. असं आम्ही सहा वेळा केलं. सातव्या वेळी तिने जाहीर केलं की या यादीत जे काही आहे ते तिला पाठ झालंय, आता तिने पोळ्या कराव्यात की माझ्यासाठी इंग्लिशमध्ये एमए करावं ते मी ठरवावं.

पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. मी युक्ती काढली. बटण दाबायचं, पंख्याचा आवाज आला की बेचा पाढा म्हणायचा. पाढा संपेपर्यंत कशाला हात लावला नाही तर लिनक्स आपोआप सुरू. मध्येच चार वेळा खालचा बाण मारून एंटर दाबलं तर विंडोज. झालं! शाळेत बेचा पाढा कशासाठी शिकवतात हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आणि लिनक्स बोललं हो! रोबोसारखा, नाकातला, एकसुरी आवाज. पण मराठी. मला इतका आनंद झाला की मी तो आवाज दादाच्या मोठ्या स्पीकरला जोडून अंगणात सगळ्यांना ऐकवला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती तो बघतो, केळी आणि पपई. त्याच्याकडे चाकं लावलेला, गुडघ्यापेक्षा उंच असा वायर नसलेला स्पीकर आहे. गल्लीतल्या गणपतीपासून हळदीपर्यंत सगळीकडे तो स्पीकर जातो, आणि त्याच्या मागे मान ताठ करून दादा जातो. त्या स्पीकरवर माझ्या लिनक्सने "नमस्कार" म्हटलं. वहिनी म्हणाली, "याले सर्दी व्हयेल शे का?" आम्ही हसलो, स्पीकर बंद केला, विषय संपला.

विषय संपला असं मला वाटलं. लॅपटॉपला तसं वाटलं नव्हतं. या जोडलेल्या वस्तू एकमेकांना विसरत नाहीत, हे माणसांपेक्षा वेगळं आहे.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी रविवारी हर्षदाला बघायला पाहुणे यायचे होते. हर्षदा माझी पुतणी, दादाची एकुलती एक मुलगी. तळोद्याला एका लॅबमध्ये रक्त तपासते. मुलगाही तळोद्यालाच सरकारी ऑफिसात, घर रनाळ्याचं, जमीनजुमला ठीक, बाप हयात आणि बोलका. मध्यस्थाने स्थळ आणलं, दादा खूश.

हे नाव फिरत फिरत मध्यस्थाच्या कानात आलं ते मुळात कुणाकडून, ते मात्र मध्यस्थालाही माहीत नव्हतं. मला होतं. दोन महिन्यांपूर्वी हर्षदा माझ्या खोलीत येऊन दार लोटून बसली होती.

"काका, फक्त तुमले सांगी ऱ्हायनू. तो मले आवडस. आमी दोन्हीजन ठरायेल शे. बाबासले कळनं ते ते मोडी टाकतीन. कोनलेच सांगू नका."

"मन्हा तोंडमाथीन शब्द निंघाव नही," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो. पोरीने घरातल्या सगळ्यांना सोडून माझ्यावर भरवसा ठेवला, याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! दादाचा स्वभाव तिला माहीत होता. पोरीने स्वतः पसंत केलेलं स्थळ त्याला चाललं नसतं, मग ते साक्षात इंद्राचं का असेना.

शनिवारी संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. खुर्ची ओढली, बसला, उठला, पुन्हा बसला. घसा साफ केला.

"हाई देख, उद्या पावना येतीन. तू जरासा मजारना खोलीमा बठ."

"काब?"

"आमी त्यासले सांगेल शे का काका सुरतले गया शे."

"सुरतले मन्हं काय काम?"

"काम काही नही रे. लोके काही बी म्हनतस. डोयासनं खानदानमा शे म्हनतीन, पुढे पोरंसोरंसले व्हई म्हनतीन. पोरनं जमी ऱ्हायनं, मंग त्यामा आडकाठी कसाले?"

मला वाईट वाटलं. आडवळणाने कशाला सांगू, फार वाईट वाटलं. मला चौथ्या वर्षी गोवर झाला, त्यात डोळे गेले. हे दादाला माहीत आहे. मला खांद्यावर घेऊन आमच्या बापाबरोबर दवाखान्याच्या रांगेत तोच उभा होता. पण हर्षदाचं जमत होतं. मी म्हटलं, बरं, सुरत तर सुरत.

रविवारी दहाला पाहुणे आले. मी मागच्या खोलीत. दाराला आतून कडी लावली, जरा जोरातच लावली. खिडकी अंगणाकडे उघडते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. दादाने स्पीकरमध्ये पेनड्राइव्ह खोचून मंद सनई लावली होती. बघायला आलेत लोक, लग्नाला नाही, तरी सनई! मुलाचे वडील भास्करआप्पा यांचा आवाज सनईच्या वर.

"मंग काय, दोनशे चाळीस फूटवर पत्थर लागना! मशीनवाला म्हने, आप्पा, ऱ्हावू द्या. मी म्हनं, अजून चाळीस मार!"

वीस मिनिटं मी त्यांची बोअर ऐकली. दोनशे चाळीसवरून दोनशे ऐंशीला पोहोचेपर्यंत माझा संयम तळाला गेला. मे महिना, खोलीची भट्टी. मी खिडकी बंद केली, कूलर पूर्ण वेगाने सोडला, कानावर हेडफोन चढवले आणि ठरवलं, आता दिलीपला पत्र लिहायचं. लिनक्सवरून. सगळं जळजळीत लिहायचं. आणि झेपतं की नाही तेही त्याला कळू दे.

बटण दाबलं. बेचा पाढा म्हटला. थांबलो.

हेडफोनमध्ये चिडीचूप.

पुन्हा पाढा म्हटला. तीनचाही म्हटला, उगाच कमी पडायला नको. काही नाही. आवाजाचं बटण वर, अजून वर, अगदी शेवटपर्यंत. एक अक्षर नाही! मी म्हटलं, बघा, कालपर्यंत पोपटासारखं बोलत होतं, आज ऐनवेळी वाचा बसली. दिलीपला हे कळलं तर तो पुण्यात पेढे वाटेल.

पण मी हार मानणारा आहे का? मी टाइपरायटरवर शिकलोय. तो कुठे बोलायचा? पत्राचं पान कोणत्या बटणांनी उघडतं ते काल पाठ केलं होतं. दाबली बटणं आणि लिहायला लागलो, आवाजाशिवाय.

'प्रिय दिलीप, हे पत्र तुला सुरतहून लिहितो आहे. म्हणजे अधिकृतपणे. प्रत्यक्षात मी घरीच मागच्या खोलीत कडी लावून बसलोय.'

तेवढ्यात बाहेरून कसलासा आवाज आला. कूलरची घरघर, त्यावर हेडफोन, तरी अंधूक येत होता. कुणीतरी भोंग्यावर नाकातून बोलत होतं. शब्द कळत नव्हते. मी म्हटलं, भंगारवाल्याची गाडी आली असेल. रविवारी हे लोक फार येतात.

आता तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. गाढवालाही कळलं असतं. पण मला कळलं नाही.

'माझ्या डोळ्यांमुळे स्थळ मोडेल अशी दादाला भीती. अरे, मला गोवर झाला होता. गोवर काय सातबाऱ्यावर चढतो, बापाकडून पोराकडे जायला?'

बाहेर भोंगा चालू. मी थांबलो की तोही थांबायचा. मी लिहायला लागलो की तोही लागायचा. मला वाटलं, काय योगायोग!

'पाहुण्याने वीस मिनिटं बोअर किती फूट गेली तेच सांगितलं. पोरीला एक प्रश्न नाही. यांना सून पाहिजे की पाणबुडी मोटार?'

'आता पोहे येतील. पोरीने केलेत असं सांगतील. ते माझ्या बायकोने केलेत. हर्षदा रक्ताची तपासणी डोळे मिटून करेल, पण तिने चहा ठेवला की दूध उतू जातं. खुर्च्या शेजारच्यांच्या आहेत. कपबश्याही.'

माझी बोटं अशी चालली होती की विचारू नका. इतकं मनमोकळं मी कधीच लिहिलं नव्हतं. कारण दर शब्दाला कानात कुणी टोकत नव्हतं. मला वाटलं, ही तर चांगलीच सोय आहे. गप्प कॉम्प्युटर!

भोंगा मात्र डोक्यात जायला लागला होता. म्हणून तेही लिहिलं.

'बाहेर कोणीतरी गाढव मघापासून भोंगा लावून ओरडतोय. याला गावात कोणी विचारणारं नाही का?'

मग दारावर धाडधाड सुरू झालं. बायको असणार. ती काहीतरी ओरडत होती, कूलरमध्ये कळत नव्हतं. कप कमी पडले असतील, कपाट याच खोलीत. पण मी तर सुरतला! सुरतचा माणूस प्रकाशाचं दार कसं उघडेल?

'बायको दार वाजवतेय. वाजवू दे. आज मी कोणाचा कोणी नाही.'

आणि मग, मित्रांनो, मी ते लिहिलं. सगळ्यात भारी बातमी माणूस शेवटी ठेवतो ना, तशी मीही ठेवली होती.

'आता खरी गंमत सांगतो. बाहेर पोरगा आणि पोरगी असे बसले असतील जणू जन्मात एकमेकांना पाहिलं नाही. दोघांचं आधीच ठरलंय. तळोद्याला रोज एकाच गाड्यावर चहा पितात. मध्यस्थाला वाटतं स्थळ त्याने आणलं, दादाला वाटतं त्याने पसंत केलं, बोअरवाल्याला वाटतं तो निवड करायला आलाय. हे हर्षदाने फक्त मला सांगितलं आहे आणि मी कोणालाही सांगणार नाही'

पूर्णविराम द्यायचा राहिला होता, तेवढ्यात वीज गेली.

कूलर घरघरत बंद पडला. क्षणात घाम फुटला. मी हेडफोन काढून गळ्यात टाकले, रुमालाने मान पुसली आणि राहिलेला पूर्णविराम दिला.

आणि अंगणातून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, नाकातल्या नाकात, एकसुरी:

"हे हर्षदाने फक्त मला सांगितलं आहे आणि मी कोणालाही सांगणार नाही."

मी गार पडलो. मे महिन्यात, वीज नसताना.

तरी माणसाची आशा बघा किती चिवट! मी खात्री करायची ठरवली. एका बोटाने लिहिलं: 'अरे'.

"अरे," अंगण म्हणालं.

'बापरे'.

"बापरे," अंगण म्हणालं.

बाहेर कुणीतरी फसकन हसलं. लॅपटॉपला बॅटरी, स्पीकरला बॅटरी, वीज गेली तरी दोघांचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते माझं. दादाने सकाळी स्पीकर चालू केला होता, माझ्या लॅपटॉपने डोळे उघडल्याबरोबर कालचा दोस्त ओळखला होता, सनई बंद पाडली होती आणि हेडफोनला विचारलंसुद्धा नव्हतं. वर मी आवाज शेवटपर्यंत चढवून ठेवलेला!

मी कडी काढली. दारात सुरेखा. हुंदका की हसू, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

"मी कवयनी किवाड ठोकी ऱ्हायनू! तुमले आयकू येस का नही?"

"मले वाटनं तू कप मांगी ऱ्हायनी."

"कप! परत्येक वाक्य दोन-दोन डाव बोलना तो रोबो. आधी तोडी तोडी, मंग आख्खं!"

"मंग बंद काब नही करं?"

"दादा उठनातच बंद कराले. बटन सापडे ना. आन पावना म्हने, ऱ्हावू द्या, आयकू द्या!"

आता लपण्यात अर्थ नव्हता. तिने माझा हात धरला आणि मला अंगणात नेलं. आठ पावलं आहेत ती. रोज चालतो. त्या दिवशी तापी ओलांडून गेल्यासारखं वाटलं. मला हर्षदाची काळजी खात होती. ती कुठे बसलीय ते तिच्या बांगड्यांवरून कळलं. बांगड्या हलत नव्हत्या. पोरीने एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे, तोंड बंद ठेवण्याची, आणि मी तिचं गुपित चाकांच्या स्पीकरवर दोन-दोनदा वाजवलं होतं. माझी मलाच शरम वाटली.

शेवटी दादा बोलला. आमचा दादा संकटात डगमगत नाही, फक्त त्याचं डोकं चालायचं थांबतं.

"हाऊ मन्हा धाकला भाऊ," तो म्हणाला. "आतेच सुरतथीन उना."

"हां," भास्करआप्पा म्हणाले. "गाडी येळवर उनी."

सात पाहुण्यांपैकी सहा हसले. सातवा हसला नाही, तो मुलगा होता. मी हात जोडले, अंदाजाने आप्पांच्या दिशेला. नंतर कळलं की मी स्पीकरला नमस्कार केला होता. म्हटलं, "आप्पा, चूक मन्ही शे. पोरनी काही चूक नही. मन्हा तोंडवर जावू नका, पोरले देखा."

आप्पांची खुर्ची करकरली.

"का रे," त्यांनी मुलाला विचारलं, "हाऊ रोबो बोलना ते खरं शे का?"

"हाव," मुलगा म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून बाहेर पडलेला तो पहिला शब्द.

"चहानं बी?"

"हाव."

"रोज?"

"रविवारना नही."

दादाचा श्वास मला ऐकू येत होता. तो आता उठणार, ओरडणार, असं मला वाटलं. पण तो उठला नाही. कारण ओरडायचं कोणावर? पोरीवर ओरडावं तर पाहुण्यांचा पोरगाही त्यात, पाहुण्यांवर ओरडावं तर खुर्च्या शेजारच्यांच्या. आणि ज्या भावाला सुरतला पाठवलं तो समोर उभा. चहूकडून कोंडी! इतका अडकलेला माझा भाऊ मी पहिल्यांदाच ऐकला.

आप्पा माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, बोअर मारणाऱ्याचा.

"भाऊ, डोयासनं आमले काही नही. गोवरनं तुमी बोलनात ते आयकं आमी. दोन डाव आयकं. पोहा कोन करं त्यानं बी काही नही, मन्हा पोऱ्या पोहा खातच नही." मग ते दादाकडे वळले. "पन मन्हं एक इचारनं शे. आमना घरमा बोलनारा एक मी पुरे. पोरनी जीभ कोनावर गई शे?"

"मायवर!" दादा जागच्या जागी ओरडला. "मायवर गई शे! तिनी माय दिनभर बोलत नही!"

काल डोळे लपवत होता, आज माझी जीभ लपवत होता! वहिनीने आतून "आँ?" केलं, म्हणजे दिवसभराचं तिचं बोलणं तिथेच संपलं.

"काकावर," असं मग हर्षदा स्वतःच म्हणाली. बांगड्या वाजल्या. "मी काकावर गई शे, आप्पा. देखी ल्या, आते तुमनं तुमी ठरावा."

घोळ माझा, आणि माझी बाजू घेतली तिने, तीही सासऱ्यासमोर. आप्पा मिनिटभर गप्प राहिले. आप्पांच्या हिशोबाने तो विक्रमच म्हणायचा. मग म्हणाले, "घरमा दोन जन बोलतीन. व्हऊ द्या," आणि वहिनीला म्हणाले, "साखर आना."

लग्न झालं. पत्रिकेत माझं नाव दादाच्या खालोखाल होतं, मोठ्या अक्षरात, असं मला वाचून दाखवण्यात आलं. दिलीपला ते पत्र मी कधीच पाठवलं नाही; त्याला वाटतं मला लिनक्स झेपलं नाही. वाटू दे. झेपलं नाही हे पत्करलं, पण कसं झेपलं ते त्याला सांगवत नाही.

आणि दादा? दादा बदलला हो. आता घरी कोणीही येवो, जावई येवो, व्याही येवो, पपईचा व्यापारी येवो, तो मला आत पाठवत नाही. ओट्यावर आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवतो, "हाऊ मन्हा भाऊ" म्हणून ओळख करून देतो, आणि पाहुणा उठेपर्यंत माझं मनगट धरून बसतो. गल्लीतले लोक म्हणतात, भावाभावांचं प्रेम असावं तर असं. मलाही भरून यायचं. परवा न राहवून मी विचारलं, "दादा, पावना उना का मन्हा हात इतला घट काब धरस?"

दादा म्हणाला, "तुन्हा हात मोकया ऱ्हायना का तू काहीतरी लिखस."